चौकोनी देठ

घर विकत घेतलं तेव्हा किल्ल्यांच्या जुडग्यासोबत
एक वापरलेलं पाकीटही हातात आलं,
वीजबिलाचं.
मागच्या बाजूला आर्डिस टॉलेफ्सनचं
पेन्सिलीतलं तिरकं अक्षर:
गॅरेजमागे आहे ते उपटायला जाऊ नका.
गेलात, तर निदान माझं फावडं नेऊ नका.

मी तिचंच नेलं.
एप्रिल सरत होता. ईशान्य आयोवातली माती,
काळ्या गुळासारखी ओलसर, पहिली वीत सहज गेली.
दुसऱ्या वितीला मुळं लागली, मनगटाएवढी,
एकमेकांत पाय गुंतवून बसलेली,
पंगतीत आधीच जागा धरून बसावं तशी.
तिसऱ्या वितीला दांडा मोडला.
कुंपणापलीकडून ड्वेन प्रिबिल म्हणाला,
"तिचे तीन मोडले,"
आणि पुन्हा लॉनमोअर सुरू केलं.

जूनमध्ये ते माझ्या खांद्याला आलं.
देठ धरून बोटांत फिरवलं
तर चारी कडा हाताला लागतात.
पानं समोरासमोर, बुडाशी एकमेकांना जोडलेली,
देठ मधूनच आरपार वर गेलेलं.
तिथे ओंजळ होते.
इथले लोक त्याला कप प्लांट म्हणतात,
आणि पुढे लगेच, "बापरे, तुमच्याकडे पण?"

एका रात्री सायरन वाजला.
मी तळघरात, दिव्याशिवाय, रेडिओ मांडीवर घेऊन.
वादळ नदीच्या पलीकडून गेलं म्हणे.
सकाळी प्रत्येक ओंजळीत पाणी होतं,
एकीत बुडालेली मुंगी,
एकीत अंगठ्याएवढा हिरवा बेडूक,
वरच्या मजल्यावर गोल्डफिंच.
चोच बुडवायचा, मान वर करायचा,
घोट उतरेपर्यंत आकाशाकडे बघत राहायचा.
मी कॉफी तशीच घेऊन उभा. गार झाली.

ऑगस्टमध्ये आठ फूट. पिवळं, पिवळं,
गॅरेजचं छप्पर दिसेना.
मग नगरपालिकेचं पत्र:
दहा इंचांवरचं तण, चौदा दिवसांची मुदत.
मर्ना श्रूडर स्वतः मोजायला आली, टेप घेऊन,
टाचा उंचावल्या, तरी पुरेना.
टेप गुंडाळली, आवाज खाली आणून म्हणाली,
"आर्डिस जूनमध्येच निम्मं कापायची.
तुम्हाला लिहून नाही ठेवलं?"

पाकिटाच्या आत
मी कधी पाहिलंच नव्हतं.

आत बिलाचा कागद, त्याच्या पाठीवर:
जूनच्या दुसऱ्या आठवड्यात अर्ध्यावर छाटा, बुटकं राहतं, फुलायचं सोडत नाही.
बी पाकळ्यांच्या बुडाशी धरतं. मधला डोळा नुसता दिखाऊ.
फुलं सुकली की कापा. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची सोडा, पाखरांची आहेत.
रोपं दोन पानांची असतानाच उपटा. चौथं पान आलं की तुमची दया येईल त्यांना.
लहान अंगणवाल्याला देऊ नका, तो कितीही गोड बोलला तरी.
आणि अगदी तळाशी, पेन्सिल बोथट झाल्यावर:
मी कॅलला म्हटलं होतं, इथे नको लावूस.

कॅल कोण, मर्नाला विचारता आलं असतं.
ती फुलांकडे बघत होती.
टेप तिच्या हातात आपोआप आत सरकून गेली.
चौदा दिवसांचं पुन्हा कुणी काढलं नाही.

यंदा फावड्याला नवा दांडा बसवलाय, ॲशचा.
जून, दुसरा आठवडा. कात्रीखाली देठ कच्चकन तुटतो,
डिंक बोटांना चिकटतो, टर्पेंटाइनसारखा वास,
साबणाने जात नाही.
दोन पानांची एकशे बारा रोपं उपटली. मोजली.
एकशे तेराव्याला चौथं पान होतं.

ड्वेनने कुंपणावरून पाहिलं.
"तू पण," म्हणाला,
आणि लॉनमोअर बंद करून
बराच वेळ तिथेच उभा राहिला.